नळीत जुळलेली जोडी

मंगळवारी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी बर्फताई थंड खोलीत उभ्या राहून आठवी डिश खरवडत होत्या. खोलीचं तापमान चार अंश. अंगात लोकरीचा स्वेटर, त्यावर पांढरा कोट, आणि कोटाच्या बाह्या मनगटाशी रबरबँडने आवळलेल्या. डिशच्या तळाशी चिकटलेला पेशींचा थर त्यांनी रबरी पात्याने एका कडेला ओढला, पिपेटने उचलला आणि नळीत सोडला. समोर बर्फाचे तीन डबे होते. एका डब्यात निळ्या झाकणाच्या नळ्या, दुसऱ्यात पांढऱ्या, तिसऱ्यात हिरव्या. एका डब्याकडून दुसऱ्याकडे वळताना त्या दर वेळी हातमोजे बदलत होत्या. निळ्या आणि पांढऱ्या नळ्यांतल्या पेशींची जिवंतपणी एकमेकींशी गाठ पडलेली नव्हती, आणि ती चुकूनही पडू नये एवढंच त्या सकाळचं काम होतं.

बर्फताई चौपन्न वर्षांच्या आहेत. या प्रयोगशाळेत त्या एकोणतीस वर्षं तंत्रज्ञ आहेत. सुरुवातीला काचेची भांडी धुण्याचं काम होतं. मग द्रावणं बनवण्याचं आलं, मग पेशी वाढवण्याचं. आता नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पिपेट कसं धरायचं हे त्याच दाखवतात. हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना माहीत आहे. पेशी फोडल्या की आतली प्रोटीनं मिनिटागणिक खराब होत जातात, म्हणून नमुना बर्फात ठेवावा लागतो. या बाबतीत त्या कुणाची गय करत नाहीत. एकदा एक विद्यार्थी पाय मुरगळला म्हणून लंगडत आत आला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नळ्या कुठे आहेत हा. पायाची चौकशी नंतर झाली, आणि शेकायला बर्फही त्यांनीच दिला.

प्रयोगशाळेत अभ्यास चालतो तो निरोप पोचवण्याच्या साखळीचा. पेशीला बाहेरून एखादा संकेत मिळतो, समजा ‘वाढ’ असा. तो संकेत पेशीच्या आवरणावरचं एक प्रोटीन पकडतं आणि आतल्या दुसऱ्याला टोकतं. दुसरं तिसऱ्याला टोकतं. हे टोकणं म्हणजे फॉस्फेटचा एक छोटा तुकडा चिकटवणं. साखळीच्या शेवटी असलेलं प्रोटीन असा तुकडा अंगाला लागला की पेशीच्या केंद्रकात शिरतं, डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन बसतं, आणि तिथलं जनुक वाचलं जायला लागतं. या शेवटच्या प्रोटीनचं खरं नाव अक्षरं आणि आकडे मिळून झालेलं आहे. इथे त्याला सगळे निरोप्या म्हणतात.

जनुक सुरू झालं की कधीतरी थांबायलाही हवं. चार वर्षांपूर्वी या प्रयोगशाळेत एक दुसरं प्रोटीन सापडलं. ते पेशीतून काढून टाकलं तर निरोप्याने सुरू केलेलं जनुक थांबायचं नावच घेत नाही. त्याचं नाव पडलं लगाम. प्रश्न एवढाच उरला होता की लगाम हे करतो कसा.

त्याचं उत्तर आपल्याला मिळालं आहे असं डॉक्टरचं म्हणणं होतं. डॉक्टर म्हणजे एकतीस वर्षांचा संशोधक. प्रबंध अजून जमा व्हायचा आहे, म्हणून तो अजून डॉक्टर नाही, आणि म्हणूनच सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. त्याचं म्हणणं असं की संकेत मिळाल्यावर तासाभराने लगामही केंद्रकात शिरतो, डीएनएवर बसलेल्या निरोप्याला धरतो आणि जनुक बंद करतो. पुराव्यात एक काळाभोर पट्टा होता. पेशी फोडायच्या, फक्त निरोप्यालाच ओळखणारी अँटीबॉडी आकड्यासारखी वापरून त्याला बाहेर ओढायचं, आणि त्याच्याबरोबर लगाम येतो का ते पाहायचं. आला तर फिल्मवर पट्टा उमटतो. वर्षभरात हा पट्टा सतरा वेळा उमटला होता. शोधनिबंध लिहून तयार होता आणि शुक्रवारी जायचा होता. तीन आठवड्यांनी डॉक्टरचं दुसऱ्या एका संस्थेत नोकरीसाठी व्याख्यान होतं, आणि ते सगळं या पट्ट्यावर उभं होतं.

सतराच्या सतरा वेळा आकडा टाकून ओढायचं काम बर्फताईंनीच केलं होतं.

शंका आली ती त्या मंगळवारच्या बारा दिवस आधी, एका गुरुवारी. इमारतीत विजेची दुरुस्ती निघाली आणि दुपारी थंड खोली बंद करायची सूचना आली. फोडलेल्या पेशींचा द्रव आणि अँटीबॉडी एकत्र करून नळ्या एरवी रात्रभर सावकाश फिरवत ठेवतात. त्या दिवशी दोन तासांतच आवरावं लागलं. पट्टा आला, पण पेन्सिलीने ओढल्यासारखा बारीक. डॉक्टर म्हणाला वेळ कमी पडला, टाकून द्या. बर्फताई फिल्म टाकत नाहीत, वहीत चिकटवतात. चिकटवताना त्यांनी शेजारी आधीच्या आठवड्याची फिल्म धरली. ओढून आणलेला निरोप्या दोन्हीकडे सारखाच होता. कमी झाला होता तो फक्त त्याच्यासोबत आलेला लगाम.

मग त्या वही घेऊन खिडकीपाशी बसल्या. जोडी पेशीच्या आत जुळलेली असेल, तर ती नळीत यायच्या आधीच जुळलेली आहे. जेवढे निरोपे बाहेर ओढले तेवढ्या प्रमाणात लगाम यायला हवेत, मग दोन तास फिरवा नाहीतर बारा. इथे निरोपे तेवढेच, आणि लगाम मात्र रात्रभरात वाढत होते. याचा एक सरळ अर्थ असा होता की पेशीत हे दोघं वेगवेगळ्या खोल्यांत राहत असतील. आपण भिंती पाडल्यावर त्यांची पहिली भेट होत असेल, आणि रात्रभर एका नळीत गोल गोल फिरून ते एकमेकांना चिकटत असतील.

रात्रभर फिरवायची पद्धत चौदा महिन्यांपूर्वी बर्फताईंनीच सुचवली होती. पट्टा ठसठशीत यावा म्हणून द्रवातलं मीठही त्यांनीच कमी केलं होतं. त्याबद्दल सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक झालं होतं.

घरी त्यांचे यजमान लिफ्टदुरुस्तीचं काम करतात, आणि सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. जेवताना दोघांनाही प्रयोगशाळेची खबर हवी असते. सासूबाई तर निरोप्या आणि लगाम यांच्याकडे नात्यातल्या माणसांसारखं पाहतात आणि पान वाढलं की विचारतात, तुमच्या त्या दोघांचं जमलं का. त्या गुरुवारी बर्फताई म्हणाल्या की जमलं होतं, पण आपणच जमवलं असावं. यजमान म्हणाले की लिफ्टचा बोर्ड काढून टेबलावर आणला की सगळं व्यवस्थित चालतं, कारण टेबलावर कुठलीही तार कुठल्याही तारेला लावता येते. बिघाड शोधायचा तर लिफ्ट जिथे लटकते आहे तिथेच शोधावा लागतो.

“मग तिथे जाऊन बघ की,” सासूबाई म्हणाल्या, जणू केंद्रक पलीकडच्या गल्लीत होतं.

तिथे जाण्याआधी टेबलावरचा संशय पक्का करायला हवा होता. गोठवणपेटीत जुन्या पेशींच्या कुप्या होत्या. काहींत निरोप्याला एक खूण जोडलेली होती, काहींत लगामाला दुसरी, काहींत दोघांनाही. बर्फताईंनी पहिल्या दोन प्रकारच्या पेशी वेगवेगळ्या डिशमध्ये वाढवल्या, आणि तुलनेसाठी तिसऱ्याही. पहिल्या दोन फोडायच्याही वेगळ्या, आणि फोडल्यानंतरच मिसळायच्या. मग निरोप्याच्या खुणेला धरून ओढायचं आणि फिल्मवर फक्त लगामाची खूण शोधायची. ज्या पेशींनी एकमेकींना कधी पाहिलं नाही, त्यांतल्या प्रोटीनांची जोडी फिल्मवर दिसली, तर ती नळीतच जुळली. दुसरं काही असूच शकत नाही. पेशी वाढायला दहा दिवस लागले. या दहा दिवसांत त्या डॉक्टरला काही बोलल्या नाहीत.

मंगळवारी नऊला डॉक्टर आला, त्याने नळ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, आणि त्याला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

“दहा दिवस तुम्ही माझ्या मागे हे करत होता?”

“पेशी वाढायला दहा दिवस लागतात, त्याला मी काय करू? शंका एका दुपारची होती. नुसती शंका घेऊन तुझ्याकडे आले असते तर तू मला चहा पाजून परत पाठवलं असतंस.”

“शुक्रवारी निबंध जातोय, ताई.”

“पट्टा नाही आला तर शुक्रवारीच पाठव. हा प्रयोगही त्यात जोड, निबंध आणखी पक्का होईल.”

तो म्हणाला की निबंध तपासणारे असला प्रयोग मागणार नाहीत, आजवर कुणी मागितलेला त्याने पाहिला नाही. बर्फताई म्हणाल्या, ते नसतील मागणार, मी मागतेय. मग त्याने अट घातली. पुढचं काम तो स्वतः करणार, आणि कोणत्या नळीत काय आहे ते त्या दोघांपैकी कुणालाच माहीत असणार नाही. बर्फताईंची हरकत नव्हती. त्या म्हणाल्या, तू नसतास म्हणाला तर मी म्हणणार होते.

नळ्यांना क्रमांक मॅडमनी दिले. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी कारण ऐकून घेतलं, बर्फताईंची वही मागितली, दोन्ही फिल्म बघितल्या आणि दार लावून घेतलं. आत त्यांनी चार नळ्या भरल्या. एकीत दोन्ही खुणा असलेल्या पेशी, एकीत फक्त निरोप्याची खूण, एकीत फक्त लगामाची, आणि एकीत फोडल्यानंतर मिसळलेल्या दोन्ही. बाहेर येताना त्यांनी चिठ्ठीची घडी करून कोटाच्या खिशात घातली. खिशाला त्यांनी टाचणीही लावली, यावरून पुढे बरीच थट्टा झाली.

नळ्या रात्रभर फिरल्या, एरवीसारख्याच. बुधवारी डॉक्टरने त्या धुतल्या, प्रोटीनं जेलवर आकारमानाप्रमाणे वेगळी केली, आणि दुपारी चार वाजता तिघंही अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला उभी राहिली. लाल दिव्यात आधी फिल्मचे कोपरे दिसले. मग दुसऱ्या क्रमांकाखाली एक पट्टा वर आला. मग चौथ्या क्रमांकाखाली. पहिला आणि तिसरा कोरे राहिले. दोन्ही पट्ट्यांत डोळ्यांना कळेल असा फरक नव्हता.

मॅडमनी टाचणी काढली आणि चिठ्ठी दिव्याजवळ धरली. दुसऱ्या नळीत दोन्ही खुणा असलेल्या पेशी होत्या. चौथीत मिसळलेल्या.

डॉक्टर फिल्म घेऊन बाहेर उजेडात गेला आणि तिथेही बघून आला. परत आल्यावर म्हणाला, “जिवंतपणी तोंड पाहिलं नाही आणि मेल्यावर गळ्यात गळा. वर्षभर मी हेच मोजत होतो.”

“रात्रभर फिरवायचं मी सुचवलं होतं,” बर्फताई म्हणाल्या. “मीठही मीच कमी केलं. वहीत तारीख आहे.”

“आणि शाबासकी मी दिली होती,” मॅडम म्हणाल्या. “तिचीही तारीख असेल. निबंध शुक्रवारी जात नाही. आता हे बघा की लगाम काढला की जनुक थांबत नाही, हे तर खरं आहे ना? ते कुठल्या नळीतलं नाही, जिवंत पेशीतलं आहे. म्हणजे हे दोघं कुठेतरी भेटतात. कुठे आणि कधी, एवढंच आपल्याला माहीत नाही.”

डॉक्टरने विचारलं की तीन आठवड्यांत हे कसं कळणार. बर्फताईंकडे उत्तर तयार होतं, कारण दहा दिवस पेशी वाढत असताना त्यांना दुसरं काम नव्हतं. पेशी फोडायच्या आधीच, जिवंत असताना, त्यांच्यावर फॉर्मॅलिन सोडायचं. शेजारी शेजारी असलेली प्रोटीनं जागच्या जागी एकमेकांना जखडली जातात. मग पेशी फोडायच्या, आणि नव्याने कुणी चिकटू नये म्हणून भरपूर मिठाच्या द्रवात रगडून धुवायच्या. जे जिवंतपणी एकत्र होते तेवढेच एकत्र उरतात. आणि हे फक्त तासाभराने करायचं नाही. संकेत देण्याआधी, मग दहा मिनिटांनी, वीस, चाळीस आणि साठ मिनिटांनी, अशा पाच डिश घ्यायच्या.

पहिला प्रयत्न वाया गेला. फॉर्मॅलिन जास्त झालं आणि सगळ्यांनी सगळ्यांना धरलं. नळीत जो गोळा उरला तो पिपेटच्या टोकात शिरेना. डॉक्टर म्हणाला, आता मात्र सगळ्यांचंच जमलं. घरी सासूबाईंनी हे ऐकून सांगितलं की बर्फताईंचा हात स्वयंपाकघरात पहिल्यापासूनच सढळ आहे, मिठाच्या बाबतीत तर फारच. दुसऱ्या वेळी फॉर्मॅलिन निम्म्यावर आणलं आणि वेळ मोजायला घड्याळ घेऊन डॉक्टर शेजारी उभा राहिला. द्रव बर्फताई सोडत होत्या आणि सेकंद तो मोजत होता. चाळीसच्या डिशला त्याने आठ सेकंद उशिरा सांगितलं, आणि ते वहीत तसंच लिहिलं गेलं.

या वेळी क्रमांक द्यायची पाळी आली तेव्हा मॅडमनी टाचणी मागितली नाही, चिठ्ठी सरळ कपाटात ठेवून कुलूप लावलं.

फिल्मवर साठ मिनिटांच्या जागी काही नव्हतं. डॉक्टरच्या निबंधातला पट्टा जिथे असायला हवा होता, ती जागा स्वच्छ होती. संकेत देण्याआधीच्या डिशमध्येही काही नव्हतं. दहा मिनिटांना पट्टा होता, वीसला तो सर्वांत जाड होता, आणि चाळीसला जेमतेम दिसत होता. दोघंही त्या फिल्मवर वाकून उभी राहिली. आधी बर्फताईंनी मिठाची बाटली पुन्हा तपासली, मग डॉक्टरने तपासली, मग दोघांनी मिळून.

कुठे, या प्रश्नाचं उत्तर सूक्ष्मदर्शकाने दिलं. लगामाला हिरवी चकाकणारी खूण लावून जिवंत पेशी पाहिल्या, तेव्हा संकेतानंतर वीस मिनिटांनी केंद्रकाभोवती हिरवी कडी दिसली. केंद्रक आतून काळंच होतं. लगाम आत जातच नव्हता. तो केंद्रकाच्या दाराशी जमत होता आणि आत जाऊ पाहणाऱ्या निरोप्यांपैकी काहींना धरून ठेवत होता. डीएनएपर्यंत किती पोचतील ते तिथेच ठरत होतं. लगाम नसेल तर सगळेच्या सगळे आत घुसतात आणि जनुक थांबत नाही. चार वर्षांपूर्वीचं निरीक्षण यात नीट बसत होतं.

“म्हणजे तो लगाम नाहीच,” डॉक्टर म्हणाला. “दरवान आहे.”

“नाव बदलू नकोस आता,” बर्फताई म्हणाल्या. “तीनशे नळ्यांवर लिहिलंय मी.”

मॅडमचा नियम आहे की एखादी गोष्ट तीन वेळा दिसल्याशिवाय ती छापायला पाठवायची नाही, आणि तीनपैकी एकदा ती ज्याची कल्पना होती त्याच्या हातून झालेली नसावी. सतरा वेळा दिसलेला पट्टा चुकीचा निघाल्यावर कुणीतरी या नियमाला हसलं. मॅडम म्हणाल्या की सतरा वेळा एकच चूक करणं म्हणजे एकदाच बघणं. नियमात त्यांनी एक भर घातली. यापुढे कुठलीही जोडी निबंधात जाण्याआधी मिसळण्याचा प्रयोग करायचा, आणि रात्रभर फिरवायचं असेल तर शेजारी दोन तासांची नळी असलीच पाहिजे. हे कागदावर छापून थंड खोलीच्या दारावर चिकटवलं आहे. खाली सही बर्फताईंची आहे.

डॉक्टरने व्याख्यान नव्याने लिहिलं. त्यातली पडद्यावरची सातवी पाटी जुना काळाभोर पट्टा आहे आणि आठवी मिसळण्याच्या प्रयोगाची फिल्म. सातवी काढून टाक असं त्याला दोन मित्रांनी सुचवलं. त्याने ती ठेवली. काल दुपारी जेवणाच्या खोलीत त्याने सर्वांसमोर सराव केला. त्यावर मॅडमनी सहा शंका काढल्या आणि बर्फताईंनी एक, ती म्हणजे आठव्या पाटीवर मिठाचं प्रमाण लिहिलेलं नाही. त्याने तिथेच लिहिलं. नवीन निबंधाच्या पहिल्या पानावर त्याचं नाव पहिलं आहे, बर्फताईंचं दुसरं. त्यांनी ते पाहिलं, नावात एक अक्षर चुकलं होतं ते दुरुस्त केलं आणि कागद परत दिला.

वाया गेलेली सोडली तर फॉर्मॅलिनच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत, एक बर्फताईंच्या हातून, एक डॉक्टरच्या. व्याख्यान परवा आहे. तिसरी फेरी शेजारच्या टेबलावरची संशोधक करणार आहे, जिने आजवर निरोप्या किंवा लगाम कधी हाताळलेला नाही. पाच डिश सदतीस अंशांच्या कपाटात तयार आहेत. उद्या सकाळी दहा वाजता चार डिशना संकेत दिला जाईल, दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांतल्या पहिलीवर फॉर्मॅलिन पडेल, आणि अकराला शेवटचीवर.